रेहानाच्या हातची ओढणी

मुरुमसारख्या गावात मी लोकरीच्या जिवावर जगले असं सांगितलं, की नवखं माणूस आधी माझ्याकडे बघतं आणि मग डोक्यावरच्या पंख्याकडे. त्यात त्याचं काही चुकत नाही. आमच्याकडे उन्हाळ्यात रस्त्याचं डांबर चपलेला चिकटतं. थंडी दिवाळीनंतर कधीतरी येते आणि संक्रांतीचा तिळगूळ खाऊन परत जाते. एवढ्याशा थंडीवर दुकान आणि विणकामाचा वर्ग चालला कसा? तर आज्यांमुळे. घरात सून नाहीतर लेक पोटुशी आहे असं कळलं, की आजी आधी माझ्या दुकानात यायची. टोपडं, मोजे, झबल्यावरचं स्वेटर, यातलं काही बाजारचं चालायचं नाही. आज आमच्या रस्त्यावरून जी पोरं मोटारसायकली उडवत जातात, त्यातल्या कितीकांची डोकी ती मोसंबीएवढी होती तेव्हापासून माझ्या ओळखीची आहेत. ती मला ओळखत नाहीत, ही गोष्ट वेगळी.

आज्यांशिवायही गिऱ्हाइकं यायची. ढोकीकडे कारखान्याला ऊस वाहणारा एक ट्रॅक्टरवाला आला होता. त्याला ट्रॅक्टरच्या दोन्ही आरशांना लोकरीच्या झालरी हव्या होत्या, आणि झालरीत बायकोचं नाव. मी म्हटलं, "नाव विणते, पण मग आरशात मागचं दिसणार कसं?" तर म्हणाला, "मागचं न्हाय दिसलं तरी चालतंय, बाई. मागं काय, ऊसच असतो." भूमकडून एक बाई एसटीनं आली होती, शेळीच्या करडाला स्वेटर पाहिजे म्हणून. माप म्हणून गाठी मारलेली सुतळी आणली होती. मी सवयीनं विचारलं, बाह्या किती लांब ठेवू? ती अगदी गंभीरपणे म्हणाली, "लांबीचं तुमी बघा. पण चार ठेवा." ते स्वेटर मी मन लावून विणलं. करडू जगलं, असा तिचा निरोपही आला.

ज्यांनी कधी सुई धरली नाही त्यांच्यासाठी आमचं काम थोडक्यात सांगते. दोन सुया आणि एक धागा. एका सुईवर धाग्याचे फासे घालून घ्यायचे, त्यांना टाके म्हणतात. दुसरी सुई टाक्यात घालायची, धागा त्यातून ओढून आणायचा, की नवा टाका तयार झाला. जुना सोडून द्यायचा. असं करत ओळ संपवायची आणि उलटं फिरून पुढची ओळ धरायची. जाळी हवी असेल तर मधेच सुईवर धाग्याचा एक मोकळा वेढा घ्यायचा. तिथं भोक पडतं. पण वेढ्यामुळे एक टाका वाढतो, म्हणून शेजारचे दोन टाके एकत्र विणून तो कमी करायचा. भोक कुठं पाडायचं आणि टाके कुठं मिटवायचे, जाळीची सगळी करामत एवढ्यात आहे.

हे कुणालाही शिकवता येतं. शिकवता येत नाही तो हात. विणताना धागा बोटांतून जातो, आणि बोटं त्याला किती धरून ठेवतात किती सोडतात, त्याला आम्ही हात म्हणतो. दोन बायकांना एकच लोकर, एकाच नंबरच्या सुया, एकच नमुना द्या. एकीचं स्वेटर नवऱ्याला होईल आणि दुसरीचं मेव्हण्याला. माझा हात कडक. वर्गातल्या मुली पाठीमागे म्हणायच्या की बाईंच्या स्वेटरमधून वारासुद्धा परवानगी काढून जातो. मला ते ऐकू यायचं आणि बरंही वाटायचं. पण त्यामुळेच एक नियम मी कायम पाळला. दुसरीनं अर्धवट सोडलेलं काम पुढं विणायला घ्यायचं नाही. जिथं हात बदलतो तिथं कापडावर रेघ दिसते, आणि ती धुऊन जात नाही.

दुकान बंद करून मी घरी बसले, त्यानंतरची ही गोष्ट आहे. एक दिवस दुपारी हमीदभाई आले. त्यांचं बसस्टँडच्या रस्त्याला सायकलचं दुकान. आता सायकली कमी आणि मोटारसायकलची पंक्चरं जास्त, पण पाटीवर सायकलच आहे. त्यांची बायको रेहाना माझ्याकडून क्रोशाचा बारीक सुती दोरा न्यायची. ती माझ्या वर्गाला कधी आली नाही. तिचं माहेर आळंदचं, कर्नाटकातलं. तिथं शेजारच्या एका नर्सबाईनं तिला लहानपणीच विणायला शिकवलं होतं. तिच्या सुया मात्र मी आवर्जून बघितल्या होत्या. बाजारात एवढ्या बारीक सुया मिळेनात, म्हणून हमीदभाईंनी तिला सायकलच्या तारांच्या सुया करून दिल्या होत्या. तार सरळ करून, टोक घासून, पॉलिश पेपरनं गुळगुळीत केलेलं. टाके मागून निसटू नयेत म्हणून दुसऱ्या टोकाला वॉलट्यूबचा रबरी तुकडा. अशा सुया मी कुठल्या दुकानात पाहिल्या नाहीत.

हमीदभाई ओसरीवर बसले. पाणी घेतलं, पण ग्लास हातातच ठेवला.

"बाई, रेहानाला लकवा मारला."

मला ठाऊक नव्हतं. सोलापूरच्या दवाखान्यातून तिला नुकतंच घरी आणलं होतं. उजवा हात, उजवा पाय गेला होता, आणि बोलणंही. त्यांनी पिशवीतून जुन्या मलमलच्या फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी काढलं आणि माझ्या मांडीवर ठेवलं. "आस्माच्या शादीची ओढणी हाय. तिच्या अम्मीनं विणायला घेतली हुती. निम्म्याच्या वर झाली. तुमी तेवढी पुरी करा. न्हाय म्हणू नका."

फडकं सोडलं. आत पट्टीच्या कापडासारखा चुरगळलेला, मळकट पांढरा गोळा आणि त्यात अडकवलेल्या त्या सुया. जाळीचं काम सुयांवर असताना असंच दिसतं. ज्याला माहीत नाही तो त्यानं दिव्याची काच पुसेल. मी त्यातला वीतभर तुकडा दोन्ही हातांच्या बोटांत ताणून धरला आणि उजेडाकडे केला.

कडुलिंबाची डहाळी होती. मधे शीर, दोन्ही बाजूंना किंचित वाकडी पानं, आणि पानाच्या कडेचे ते करवतीसारखे दातसुद्धा छोट्या छोट्या भोकांनी काढलेले. त्या डहाळीखाली दुसरी, तिच्याखाली तिसरी. एक पान दुसऱ्यासारखं होतं, आणि तरी वारा लागल्यासारखी सगळी एका बाजूला झुकत गेली होती. हा नमुना कुठल्याही पुस्तकात नव्हता. हमीदभाईंच्या दुकानासमोर कडुलिंब आहे, तो बघून रेहानानं तो स्वतः बसवला होता. मी आयुष्यभर पानं विणली आहेत. असं पान मला जमलं नसतं, हे मला तिथंच कळलं, आणि माझ्या अंगावर काटा आला.

माझा नियम मी हमीदभाईंना सांगितला. ते म्हणाले, "तुमी येकदा घरी या. रेहानाला बघा. मग न्हाय म्हणा."

मी गेले. रेहाना बाजेवर भिंतीला टेकून बसली होती. तोंड एका बाजूला ओढलेलं, पण डोळे जसेच्या तसे. तिला सगळं समजत होतं. तोंडात मात्र एकच शब्द उरला होता, "नक्को". पाणी हवं असलं तरी नक्को, नको असलं तरी नक्को. घरचे तिच्या डोळ्यांवरून ओळखायचे. मला बघून तिनं डाव्या हातानं माझं मनगट धरलं. म्हणाली, "नक्को, नक्को," आणि तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

त्यांच्यात निकाहानंतर जलवा असतो. नवरा-नवरीला समोरासमोर बसवतात, दोघांच्या डोक्यावर ओढणी धरतात आणि मधे आरसा ठेवतात. त्या आरशात ती दोघं एकमेकांचा चेहरा बघतात. रेहानाला हा जलवा स्वतःच्या हातच्या ओढणीखाली व्हायला हवा होता. लेकीचं लग्न ठरायच्या आधीपासून तिनं ती विणायला घेतली होती.

हमीदभाईंची थोरली बहीण उमरग्याहून आलेली होती. घरातले सगळे त्यांना फुप्पी म्हणायचे, म्हणून मीही म्हणू लागले. फुप्पी व्यवहाराच्या बाई. त्या म्हणाल्या, "सोलापुरात रेडिमेड मिळत्यात की. चकचकीत, मोती लावलेल्या. ह्या बिचारीला कशाला ताप?"

आस्मा पलीकडे चहा गाळत होती. शिकलेली, मोजकं बोलणारी मुलगी. ती वर न बघता म्हणाली, "जलवा अम्मीच्याच ओढणीखाली होईल, फुप्पी. न्हाय तर मी उघड्या डोक्यानं बसते."

"तौबा, तौबा!" फुप्पींनी दोन्ही गालांना हात लावले.

मी ओढणी घेऊन घरी आले. नियम मोडला.

पहिले काही दिवस नुसतं वाचण्यात गेले. विणलेलं कापड वाचता येतं. भिंग घेऊन एकेका टाक्याच्या मागं मागं जायचं, हा कुठून आला, याचा शेजारी कुठं मिटला. रेहानाचा नमुना उमगला तेव्हा मी खुर्चीत एकटीच "वा!" म्हणाले. पान झुकलेलं दिसावं म्हणून ती टाके पानाच्या कडेला न मिटवता जरा अलीकडे मिटवत होती. एवढं साधं, आणि मला कधी सुचलं नव्हतं.

मग मी सुया हातात घेतल्या. टाके बरोबर पडत होते, भोकं जिथल्या तिथं होती. पण चार बोटं विणून झाल्यावर ताणून बघितलं, तर रेहानाच्या पानांखाली माझी पानं आखडून बसली होती, पाणी न मिळालेल्या झाडासारखी. दोन्हीच्या मधे ती रेघ. मी उसवलं. हात सैल सोडून विणलं, तर एक टाका मोठा आणि एक बारीक. पुन्हा उसवलं. जाड सुया घेतल्या. पान मोठं झालं, पण भोकंही मोठी झाली आणि पानातला जीव गेला. चाळीसेक वर्षं ज्या हाताचा मी तोरा मिरवला, तो हात मला बदलता येईना. त्यातल्या त्यात जे बरं जमलं ते घेऊन मी रेहानाकडे गेले. मनात म्हटलं, आजारी बाई आहे, तिला काय एवढं कळणार.

तिनं डावा अंगठा कापडावरून फिरवला. डोळ्यांनी बघितलंसुद्धा नाही. रेघेपाशी अंगठा थांबला. थोडा मागं गेला, परत पुढं आला, परत थांबला. मग तिनं हात काढून घेतला आणि तोंड भिंतीकडे केलं.

तिसऱ्या दिवशी आस्माचा फोन आला. "मावशी, अम्मी जेवंना. चमचा तोंडाजवळ नेला की मान फिरवती. औषधपण घेईना. डॉक्टर म्हणतात असंच चाललं तर परत ॲडमिट करावं लागंल." जरा थांबून ती म्हणाली, "मला ओढणी नको, मावशी. मला अम्मी पाहिजे."

मी त्याच दिवशी ओढणी परत द्यायला गेले. माझ्या हातचं जे होतं ते सगळं उसवून, रेहानाचं होतं तेवढं तिच्या स्वाधीन करायचं असं ठरवलं होतं. म्हटलं, निदान तिची ओढणी तरी स्वच्छ राहू दे. बाजेवर जागा करून मी तिच्या उजव्या बाजूला बसले आणि उसवायला लागले. ती भिंतीकडे तोंड करूनच होती. उसवलेला दोरा मी गुंड्यावर गुंडाळत होते. माझी ओळ संपली, रेहानाचे टाके मोकळे झाले, ते मी एकेक करून सुईवर घेतले. तेवढ्यात गुंडा माझ्या मांडीवरून घसरून तिच्या पलीकडे गेला.

रेहानानं दोरा पकडला. मान भिंतीकडेच होती. दोरा तिच्या करंगळीभोवती एकदा फिरला, मधल्या दोन बोटांखालून गेला आणि तर्जनीवरून वर आला. तर्जनी उभी राहिली. दोरा माझ्या सुईपासून तिच्या बोटापर्यंत ताठ झाला आणि तिथं थांबून राहिला.

मी बघत राहिले. आणि मग डोक्यात लख्ख उजेड पडला. आम्ही इकडच्या बायका दोरा उजव्या हातात धरतो आणि सुईवर टाकतो. आळंदच्या त्या नर्सबाईनं रेहानाला वेगळी पद्धत शिकवली होती. ती दोरा डाव्या हातात धरायची आणि उजवी सुई नुसती तो उचलून आणायची. म्हणजे रेहानाचा उजवा हात फक्त सुई हलवत होता. तिचा हात, आमच्या अर्थानं हात, डाव्या बोटांत होता. आणि डावा हात शाबूत होता.

मी सुई टाक्यात घातली, तिच्या बोटावरचा ताठ दोरा टोकानं उचलला आणि ओढून आणला. तिच्या तर्जनीनं केसभर दोरा सोडला. दुसरा टाका घेतला. पुन्हा केसभर सोडला. मी ओळभर विणलं आणि ताणून बघितलं. ते रेहानाचे टाके होते. माझ्या सुईवर, माझ्या डोळ्यांसमोर, तिचे टाके आले होते. मला हुंदका फुटला. आस्मा स्वयंपाकघरातून धावत आली, तिला वाटलं अम्मीला काही झालं. मी तिला कापड दाखवलं, पण तोंडातून शब्द निघेना. त्या वेळी त्या घरात बोलता न येणाऱ्या दोघी होतो.

रेहानानं तोंड भिंतीकडून वळवलं होतं.

त्यानंतर मी रोज सकाळची कामं उरकून त्यांच्याकडे जायची. बाजेवर रेहाना, तिच्या मांडीवर उशी, उशीवर तिचा डावा हात, पलीकडे स्टीलच्या डब्यात गुंडा. मी तिच्या उजव्या बाजूला इतकी चिकटून, की तिच्या गेलेल्या अंगाचा सगळा भार माझ्या खांद्यावर. ही काही चित्रासारखी बैठक नव्हती. माझी कंबर दुखायची, तिची मान अवघडायची. शिवाय दोरा उचलायची पद्धत मला नवी. या वयात मी वर्गातल्या मठ्ठ मुलीसारखी चुकायची, आणि माझी शिक्षिका कडक होती. मी चुकीच्या ठिकाणी सुई घातली की तिचं बोट दोरा सोडायचंच नाही. मी ओढायची, दोरा हलायचा नाही. मग मी मागं जाऊन शोधायची, आणि चूक तिथं असायचीच. कधी पान संपायच्या आधी मी वेढा विसरलेली असे, कधी दोनऐवजी तीन टाके एकत्र घेतलेले असत. माझ्या डोळ्यांना भिंगातून दिसत नव्हतं ते तिच्या बोटाला दोऱ्यातून कळत होतं. हे कसं होत होतं ते मला आजही सांगता यायचं नाही. विणकामातलं माझं उरलेलं सगळं ज्ञान मी सांगू शकते, हे नाही.

एकदा दोरा असाच अडला. मी पुन्हा पुन्हा तपासलं, चूक सापडेना. मी वैतागले. "रेहाना, सोड ना. बरोबर आहे." ती म्हणाली, "नक्को." मी म्हटलं, "अगं, मी तपासलं!" परत "नक्को." शेवटी आस्मानं तिच्या तोंडाकडे बघितलं आणि म्हणाली, "मावशी, तिला भूक लागलीय." आणि खरंच, लाज सोडून सांगते, भाकरीचा कुस्करा दुधातून घेऊन आस्मा आली तेव्हा रेहानानं तोंड उघडून वाट बघितली. त्या दिवसापासून जेवणाची तक्रार राहिली नाही.

फुप्पींना हे सगळं पटत नव्हतं. त्या दारातून डोकवायच्या आणि म्हणायच्या, "दोघी मिळून येक माणूस झालाय जणू." त्यात कौतुक होतं की टोमणा, ते मला ठरवता आलं नाही.

शेवटचे टाके बंद केले तेव्हा रेहानाची तर्जनी बराच वेळ तशीच उभी होती. मी ती हळूच खाली घेतली.

पण विणून झालं म्हणजे जाळी झाली असं नसतं. ती धुऊन ताणावी लागते, आणि तिथं सगळं उघडं पडतं. दोन वेगवेगळ्या बायकांच्या हातचं कापड ताणलं की घट्ट हाताचा भाग आत खेचला जातो आणि सैल हाताच्या भागाला पोट सुटतं. सुयांवर असताना मला रेघ दिसली नव्हती. पण सुयांवर दिसत नाही ते ताणल्यावर दिसतं, हे मी वर्गात किती मुलींना सांगितलं असेल. लग्न तोंडावर आलं होतं. आता रेघ निघाली असती तर उसवायला वेळ नव्हता.

आमच्या बोअरच्या पाण्यात क्षार फार, सुती कापड खरखरीत होतं. म्हणून हमीदभाईंनी प्यायच्या पाण्याचे जार मागवले. पितळी परातीत मी ओढणी भिजवली, सौम्य साबणानं दाबून दाबून धुतली. पिळायची नसते, टॉवेलात गुंडाळून दाबायची असते. मधल्या खोलीत दोन गाद्या जोडून त्यावर धुतलेली चादर अंथरली. ओढणीच्या चारी कडांतून हमीदभाईंनी सायकलच्या सरळ केलेल्या तारा ओवल्या, म्हणजे कड सगळीकडून सारखी ताणली जाते. रेहानाची बाज दारापाशी आणली. मग मी एका बाजूनं आणि आस्मा दुसऱ्या बाजूनं, तारा धरून, गुडघ्यांवर सरकत, हळूहळू मागं होत गेलो.

ओला, आकसलेला गोळा उलगडत गेला. आधी फक्त भोकं दिसली. मग भोकांच्या मधे शिरा उभ्या राहिल्या, मग पानं, मग डहाळ्या. ती मोठी होत होती. गादीच्या कडेपर्यंत आली, तिथंही थांबली नाही. एवढी मोठी वस्तू एवढ्याशा गोळ्यात होती यावर माझा विश्वास बसेना, आणि मी हे काम जन्मभर केलेलं. खिडकीतून दुपारचं ऊन येत होतं. चादरीवर कडुलिंबाची सावली पडल्यासारखी ती पडली होती. हमीदभाईंच्या हातात टाचण्यांची डबी होती, ती त्यांनी छातीशी धरली होती.

मी रेघ शोधायला लागले. चष्मा पुसला आणि रांगत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेले. मी कुठल्या डहाळीपासून धरलं ते मला ठाऊक होतं, नीट ठाऊक होतं, उसवून तिथंच तर टाके उचलले होते. ती जागा मला सापडली नाही. परत शोधली. नाही सापडली. एवढ्या वर्षांत असं काम मी पाहिलं नव्हतं, आणि यातलं काही माझ्या हातचं आहे असं म्हणायला माझी जीभ वळेना. मी गादीच्या कडेला बसून राहिले. हात जोडावेसे वाटले, म्हणून जोडले. कुणाला जोडले ते विचारू नका.

जलव्याच्या वेळी आस्मा नवरीच्या लाल पोशाखात होती. चार बायकांनी ओढणीचे चार कोपरे धरले, आणि बायकांत जागा करून खुर्चीवर बसवलेली रेहाना त्यातली एक होती. आरसा मधे ठेवला. मांडवातला उजेड जाळीतून खाली आला आणि नवरा-नवरीच्या तोंडावर, हातांवर पानंच पानं झाली. आरशात बघायचं सोडून तो पोरगा वर ओढणीकडे बघायला लागला, तेव्हा बायका हसल्या आणि त्याची मान खाली केली. माझ्या शेजारची एक अनोळखी म्हातारी पुटपुटली, "सुभानल्लाह." मीही मनात तसंच काहीतरी म्हणत होते, माझ्या भाषेत.

जेवणं सुरू झाली. आम्हा काही जणांसाठी शाकाहारी पंगत वेगळी होती. मी भाताचे दोन घास घेतले असतील, तेवढ्यात फुप्पी चष्मा लावून आल्या. हातात घडी केलेली ओढणी. ती त्यांनी सुलटी बघितली, उलटी बघितली, उजेडाकडे धरली, बोटांनी चाचपली. मग माझ्यासमोर बसल्या.

"बाई, म्या कवाची बघाय लागले. ह्या टोकापास्नं त्या टोकापतोर समदं रेहानाच्या हातचं हाय. तिचा हात म्या वळखते, तिनं माझ्या लेकरांची टोपडी इणलीत. व्हय का न्हाय?"

"व्हय," मी म्हटलं.

"मग तुमी केलं काय?"

फुप्पींनाही रेघ सापडली नव्हती, याचाच मला आनंद झाला. म्हटलं, "मी सुया धरल्या, फुप्पी."

"एवढंच?"

"एवढंच."

त्यांना माझी दया आली असावी. त्यांनी हाताशी होतं ते भांडं उचललं, माझ्या ताटात जर्दा, म्हणजे त्यांच्याकडचा केशरी गोड भात वाढला, आणि रिकाम्या हातानं आलेल्या पाहुणीला जेवढा आग्रह करावा तेवढा केला. पलीकडे खुर्चीत रेहाना अर्ध्या तोंडानं हसत होती. मीही हसत होते, आणि पदरानं डोळे पुसत जर्दा खात होते.